तिर्रट नावाचा जुगार

जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या दैनिकातील गुन्हेवृत्त जे गृहस्थ अग्रलेखाच्या आधी, आणि पुष्कळदा अग्रलेखाऐवजी वाचतात, त्यांच्या चांगल्या परिचयाचे असे एक वाक्य आहे. गावाचे नाव, आरोपींची संख्या आणि झाडाची जात एवढे तपशील वगळले, तर त्यात सहसा अक्षराचाही पालट होत नाही. अमुक शिवारात, ओढ्याच्या काठी, बाभळीच्या आडोशास सहा इसम गोलाकार बसून, स्वतःच्या फायद्याकरिता, तिर्रट नावाचा हारजितीचा जुगार पैसे लावून खेळताना व खेळविताना मिळून आले. सबब त्यांच्या कब्जातून रोख रक्कम व पत्त्यांचा कॅट असा मुद्देमाल पंचांसमक्ष जप्त करून पंचनामा करण्यात आला.

वाक्य थोर आहे. त्यातील ‘मिळून आले’ या क्रियापदावरून हे सहाही जण बरेच दिवस हरवले होते आणि घरची माणसे त्यांच्या शोधात होती, असा एखाद्या भाबड्या वाचकाचा समज होईल, आणि तो अगदीच चुकीचा असेल असे नाही. ‘स्वतःच्या फायद्याकरिता’ हे मात्र विधान वस्तुस्थितीस सोडून आहे. सहांपैकी पाच जण दुसऱ्याच्या फायद्याकरिता खेळत होते, ही गोष्ट त्यांच्या खिशांची झडती घेतानाच ध्यानात यावयास हवी होती. पण या सबंध वाक्यात मला सर्वांत मोह पडतो तो ‘नावाचा’ या बिनमहत्त्वाच्या दिसणाऱ्या पदाचा. खून नावाचा गुन्हा घडला, असे कोणी फौजदार लिहीत नाही. चोरी नावाचा उद्योग करताना इसम आढळला, असेही नाही. ‘नावाचा’ हे पद आपण अपरिचितासाठी राखून ठेवलेले आहे. भिकू नावाचा एक मनुष्य आला होता असे आपण म्हणतो, तेव्हा भिकूला आपण ओळखत नाही हे सांगण्याचाच आपला हेतू असतो. तेव्हा ज्या खेळाशी खात्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा आहे त्याला दर पंचनाम्यात ‘तिर्रट नावाचा’ असे संबोधून, याची आमची गाठ आजच प्रथम पडत आहे, असे सुचविण्यात शिस्तीचा काही तरी भाग असला पाहिजे.

ज्या वाचकांचे अज्ञान खात्याइतकेच औपचारिक आहे त्यांच्याकरिता खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. बावन्न पानांचा कॅट घ्यावा, जोकर बाजूस काढावा, पाने पिसून प्रत्येकास तीन-तीन उपडी वाटावीत. वाटण्यापूर्वी प्रत्येकाने मध्यभागी ठरावीक रक्कम ठेवावयाची असते. तिला बूट म्हणतात, पण त्याचा पायातल्या बुटाशी संबंध नाही, तो पुष्कळ नंतर जातो. मग पाळीपाळीने, एक तर आपली पाने उचलून पाहावीत आणि पूर्ण दराने चाल करावी, किंवा पाने न पाहताच, म्हणजे ब्लाइंड, निम्म्या दराने खेळत राहावे. अज्ञानास निम्म्या दराची सवलत देणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही. ज्याचा धीर सुटेल त्याने पाने टाकून द्यावीत. शेवटी दोघेच उरले की त्यांपैकी एकाने ‘शो’ मागावा, आणि ज्याची पाने वरचढ त्याने मधला ढीग आपल्याकडे ओढावा. तीन सारखी पाने सर्वांत श्रेष्ठ, त्यांतही तीन एक्के सार्वभौम. त्याखाली एका रंगातील लागोपाठची तीन, त्याखाली भिन्न रंगांतील लागोपाठची, मग नुसता रंग, मग जोडी, आणि यांपैकी काहीच नसेल तर हातातले मोठ्यात मोठे पान. एवढेच शास्त्र आहे. ते पाच मिनिटांत शिकता येते आणि त्याचा खर्च मात्र फेडण्यास बराच काळ लागतो.

या एकाच खेळाची आपल्या प्रांतात तीन नावे नांदतात आणि ती वर्णाश्रमधर्माच्या काटेकोरपणाने पाळली जातात. शेताच्या बांधावर, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे आणि बाजाराच्या दिवशी एखाद्या पडक्या वाड्यात जो खेळला जातो तो तिर्रट. आगगाडीच्या डब्यात गुडघ्यांवर टॉवेल पसरून, चाळीच्या गच्चीवर गणपतीच्या जागरणात, किंवा जन्माष्टमीच्या सुमारास गुजराती शेजाऱ्याच्या घरी जो चालतो तो तीन पत्ती. आणि जिमखान्यात, अथवा पाडव्याच्या रात्री एखाद्या मातबर असामीच्या दिवाणखान्यात, चकलीची बशी एका हाताशी ठेवून जो रंगतो तो फ्लश. तिन्ही ठिकाणी पाने तीनच, दर तोच, हरणाऱ्याच्या कानांच्या पाळ्यांचा रंगही तोच. पण तिर्रट खेळणारा आरोपी होतो, तीन पत्ती खेळणारा उधळ्या ठरतो, आणि फ्लश खेळणाऱ्यास मंडळी दिलदार म्हणतात. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने असा नामभेद कोठेही केलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. त्या कायद्याचा रोख सार्वजनिक जागेवर आणि ज्याचा मालक खेळातून नफा काढतो अशा अड्ड्यावर आहे. आता ज्याला दिवाणखाना नाही त्याने सार्वजनिक जागेत बसू नये तर कोठे बसावे, हा प्रश्न कायद्याने विचारात घेतला नाही एवढेच. ज्यास दिवाणखाना आहे त्याचा फ्लश होतो. ज्यास बाभूळ आहे त्याचे तिर्रट.

द्यूतास आपल्याकडे पंचांगाची संमती वर्षातून एक दिवस आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस जी अनेक नावे आहेत त्यांत द्यूतप्रतिपदा हे एक आहे, आणि त्या दिवशी खेळलेला डाव पुढील वर्षाचे भविष्य सांगतो अशी श्रद्धा आहे. ही श्रद्धा बाळगणारांपैकी कित्येक जण भविष्याची खातरजमा करून घेण्यासाठी वर्षभर दर शनिवारी खेळत असतात.

तीन नावांपैकी फ्लशची कुळकथा सरळ आहे. लॅटिन भाषेत प्रवाहास जो शब्द आहे तो फ्रेंचांच्या हातून इंग्रजांकडे आला, आणि एकाच रंगाची पाने ओळीने हाती आली म्हणजे रंगाचा जणू प्रवाह लागला, या अर्थाने पत्त्यांत रूढ झाला. पुढे शहरांत संडासाच्या वर लोखंडी टाकी बसली, तिची साखळी ओढल्यावर जे काही होते त्यालाही याच उच्चाराचे नाव पडले, आणि तेव्हापासून खेळाचा परिणाम समजावून सांगण्याचे काम पुष्कळ सोपे झाले आहे.

सर्वोच्च न्यायालयापुढेही या नावांचा विषय निघालेला आहे. सिकंदराबादच्या एका करमणूक मंडळात पैसे लावून रमी चालते म्हणून पोलिसांनी धाड घातली होती. ते प्रकरण चढत चढत 1967 साली दिल्लीस पोहोचले. रमीत कोणते पान पडले हे लक्षात ठेवावे लागते, कोणते धरावे आणि कोणते सोडावे याचा विचार करावा लागतो, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ होय, असा निर्वाळा न्यायमूर्तींनी दिला; आणि ओघात, फ्लश, ब्रॅग इत्यादी निरनिराळ्या नावांनी चालणारा तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ दैवाचा आहे, असेही त्यांनी नमूद केले. या निर्णयापासून रमी खेळणाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे विद्वत्तेचे तेज आले, ते अद्याप उतरलेले नाही. दोनदा डाव फसला तरी आपण स्मरणशक्तीचा व्यायाम करीत होतो अशी त्यांची धारणा असते. आमच्या तिर्रटीस मात्र दैवाचा शिक्का मिळाला, आणि तोही नाव न घेता. देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे तिचा उल्लेख झाला तो ‘इत्यादी’ या शब्दात.

हे इत्यादी आले कोठून? या नावात ‘तीन’ दडलेले आहे, हे सांगण्यास व्याकरणाची आवश्यकता नाही. पण व्युत्पत्ती हा आपल्याकडे पैसे न लावता खेळावयाचा जुगार असल्यामुळे, एवढ्या सरळ गोष्टीवर थांबणे कोणास परवडत नाही. संस्कृताभिमानी पक्षास विचारले, तर तो तिर्रटीचे मूळ थेट वेदकाळात नेऊन पोहोचवील. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यात एक जुगारी बेहड्याच्या फळांच्या फाशांपायी बायको, घर आणि पत यांचे काय झाले ते स्वमुखाने सांगतो. या प्राचीन द्यूतातील डावांची नावे होती कृत, त्रेता, द्वापर आणि कलि. फासे चारांच्या हिशेबाने मोजले असता बाकी न उरली तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, आणि एक उरला तर कलि. विश्वाच्या चार युगांना जी नावे मिळाली तीच ही जुगाराच्या डावांची नावे. आपण ज्या युगात जगत आहोत ते हरण्याच्या डावाच्या नावाने ओळखले जाते, याबद्दल निदान पगारदार वर्गाची तक्रार असू नये. तर त्रेता म्हणजे तिनाचा डाव. ‘त्रे’चा ‘तिर्‌’ झाला, ‘ता’चा ‘ट’ झाला, मध्ये रकाराने थोडा जोर धरला, आणि बाभळीखाली बसलेले सहा इसम हे वैदिक परंपरेचे अखेरचे वारस ठरले. युक्तिवाद इतका सुंदर आहे की तो खरा नसला तर वाईट वाटेल, आणि असे वाईट वाटण्याची तयारी ठेवणे बरे.

दुसरे मत स्त्रीवर्गात प्रचलित आहे. त्यानुसार तिर्रट, तिरपट आणि तिरसट हे एकाच घरचे शब्द होत: तिर्रट खेळून रात्री दोन वाजता घरी परतणाऱ्याची चाल तिरपट असते आणि दार उघडणारीचा स्वभाव तोवर तिरसट झालेला असतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने या मतास आधार नसला तरी साक्षीदार गल्लोगल्ली आहेत.

माझा स्वतःचा कौल विचाराल, तर तो घरातल्या पत्त्यांच्या बाजूने आहे. दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती ही नावे मराठी मुलास उजळणीच्या आधी येतात. यांतल्या तिर्रीस शेवटी एक ‘ट’ जोडून दिला की काम भागते. मराठीत हा टकार मोठा गुणी आहे. पोर हे पोर असते, पण ते शेजाऱ्याचे असून आपल्या खिडकीची काच फोडते झाले की पोरटे होते. चोरावर थोडा राग असतो, चोरट्यावर तुच्छताही असते. तिर्री हे निरुपद्रवी पान. तिचा उद्योग झाला की तिर्रट. या व्युत्पत्तीवर मी कोणाशी पैज मात्र लावणार नाही.

खेळाचा जन्म आपल्या मातीत झालेला नाही, याविषयी जाणत्यांत फारसा वाद नाही. इंग्लंडात हाच खेळ तीन पानांवर पूर्वापार खेळला जातो आणि त्याचे तेथील नाव ‘ब्रॅग’, म्हणजे चक्क बढाई. ज्या एडमंड हॉइलने 1742 साली व्हिस्टवर पुस्तिका लिहून पत्त्यांना शास्त्राचा दर्जा मिळवून दिला, त्याने 1751 साली ब्रॅगवरही एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. बढाई कशी मारावी यावर एका सभ्य गृहस्थाने सभ्य गृहस्थांसाठी केलेले ते लेखन होते. त्या काळच्या खेळात चौकटचा एक्का, किलवरचा गुलाम आणि चौकटची नव्वी ही तीन पाने ‘बढाईखोर’ म्हणून नेमलेली असत. ती कोणत्याही पानाची जागा घेऊ शकत आणि आपल्या अंगी नसलेला गुण मिरवीत. तीन सारख्या पानांना इंग्रज मंडळी ‘राजेशाही जोडी’ म्हणत, आणि घाईघाईने म्हणता म्हणता त्याचा ‘प्रायल’ असा चुरा झाला. तीन पानांची जोडी कशी होते हे विचारू नये.

या दोन खेळांचे नाते चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखता येते. न पाहता निम्म्या दराने खेळण्याची सोय तेथेही आहे. ब्रॅगमध्ये सर्वांत श्रेष्ठ हात तीन एक्क्यांचा नसून तीन तिर्रींचा मानतात, आणि लागोपाठच्या पानांत एक्का-दुर्री-तिर्री ही सर्वांत वरची. समुद्र ओलांडून इकडे येताच तिर्रींचे सिंहासन गेले, तीन एक्के गादीवर आले, आणि लागोपाठच्या पानांत एक्का-राजा-राणी यांनी पहिला मान घेतला. पण एक्का-दुर्री-तिर्री हिला अगदीच वाऱ्यावर सोडले नाही. संस्थाने खालसा झाल्यावर संस्थानिकांना तनखे मिळाले तसा तिला दुसरा क्रमांक तोडून दिला, आणि राजा-राणी-गुलाम हे सरळ दिसणारे त्रिकूट अद्यापही तिच्या खाली बसते. नवशिक्याचे पहिले मोठे नुकसान सामान्यतः याच ठिकाणी होते.

आता गणित. बावन्न पानांतून तीन पाने उचलण्याचे एकंदर 22,100 प्रकार आहेत. त्यांपैकी तीन सारखी पाने येण्याचे प्रकार अवघे 52, आणि ज्याच्या आशेवर घरे गहाण पडतात त्या तीन एक्क्यांचे प्रकार चार. जोडी 3,744 प्रकारांनी लागते. आणि ज्यात जोडी नाही, रंग नाही, क्रम नाही, असे शुद्ध भिकार हात 16,440 आहेत, म्हणजे चारांत जवळजवळ तीन. लागोपाठची भिन्नरंगी पाने 720 प्रकारांनी येतात आणि नुसता रंग 1,096 प्रकारांनी, म्हणून येथे क्रम रंगाला मारतो; पाच पानांच्या पोकरमध्ये हेच उलट आहे, आणि तेही गणितास धरूनच आहे. इतका काटेकोर न्याय पाळणारी मंडळी रात्रीच्या हिशेबाच्या वेळी हातघाईवर का येतात, हे कोडे आहे.

परंतु या 16,440 च्या आकड्यात इंग्रजी नावाचे मर्म आहे. तुमच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसते, आणि समोरच्याच्याही नसते. तेव्हा प्रश्न कोणाकडे काय आहे हा नसून, काही नसताना अधिक गंभीर चेहऱ्याने कोण बसू शकतो, हा आहे. पंजी, नव्वी आणि गुलाम अशी तीन परकी माणसे हातात धरून, घरी बारसे असल्यासारखा प्रसन्न चेहरा करून, पुढच्यापेक्षा दुप्पट रक्कम ढकलणे यास इंग्रज बढाई म्हणतो, कारण ती बढाईच आहे. जर्मनांचा याच कुळातील जुना खेळ ज्या क्रियापदावरून ओळखला जाई त्याचा अर्थ ठोठावणे आणि फुशारकी मारणे असा आहे; फ्रेंचांनी तो ‘पोक’ केला, आणि अमेरिकेत त्याचेच ‘पोकर’ झाले असे मानतात. अमेरिकेत त्या खेळाला काही काळ ‘ब्लफ’, म्हणजे निव्वळ थाप, असेही म्हणत. अशा रीतीने सबंध पश्चिमेने आपल्या जुगाराचे नाव ठेवताना खेळणाऱ्याच्या स्वभावावर बोट ठेवले. फ्रेंचांचा एकवीसाचा खेळ तेवढा अपवाद. पण त्या नावात निदान कोठे थांबावे याची सूचना आहे.

आपण मात्र खेळ घेतला, सवयी घेतल्या, ‘ब्लाइंड’ आणि ‘शो’ हे शब्दही घेतले, आणि नाव तेवढे घेतले नाही. ‘बढाई नावाचा जुगार खेळताना इसम मिळून आले’ असे छापून आले असते, तर पंच म्हणून सही करण्यास गावातून कोणी पुढे आले नसते. कारण त्या व्याख्येने पारावरची सगळीच बैठक बेकायदेशीर ठरली असती.

मराठी माणसाला पत्त्यांची नावे स्पष्ट ठेवता येत नाहीत असे मात्र मुळीच नाही. आपल्या घरोघरी चालणारे बैठे खेळ पाहा. आठ वर्षांची मुले उन्हाळ्याच्या सुटीत माजघरात बसून जो खेळ खेळतात त्याचे नाव आहे भिकार-सावकार. नाव ऐकून एखाद्या परक्याच्या अंगावर काटा येईल. वस्तुतः दुपारभर सावकार असलेला मुलगा संध्याकाळी भिकारी होतो आणि वरण-भात खाऊन झोपतो. एका खेळात हरणाऱ्यास सर्वांसमक्ष गाढव ठरवतात, एकात झब्बू देतात. आत्याबाई मामांवर कोट चढवतात आणि मामा तो चार दिवस विसरत नाहीत. ज्यात कवडीचा व्यवहार नाही त्या खेळांना दारिद्र्य, अपमान आणि पराभव यांची सगळी नावे देऊन झाल्यावर, ज्यात खरोखर बैलजोडी जाते त्या खेळासाठी आपल्या कोशात शिल्लक काय राहिले? तीन पत्ती. यापेक्षा निरागस नाव बेलाच्या पानालाही नसेल.

कोणी म्हणेल, पाच-तीन-दोन हेही संख्येचेच नाव आहे, आणि बदाम सातही. पण पाच-तीन-दोन या नावात तिघा खेळाडूंपैकी कोणी किती हात करावयाचे याचा करार आहे, आणि बदाम सातमध्ये डाव कोठून उघडावयाचा याचा हुकूम. तीन पत्ती हे नाव तुम्हांला काय मिळेल एवढेच सांगते. काय जाईल याविषयी ते कटाक्षाने मौन पाळते. सराफाच्या पेढीवर आणि कर्जाच्या छापील कागदावर जी भाषा चालते तिचा हा उत्तम नमुना आहे. ज्याने हे नाव ठेवले त्याने स्वतः कधी पाने उचलली नसावीत. तो बहुधा बैठकीला जागा आणि चहा पुरविणारा असावा.

जुगाराला घरगुती नाव देण्याची ही हातोटी मुंबईने तर कळसास नेली. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडला आणि काय बंद झाला, यावर मुंबईत आकडा लावीत असत. 1960 नंतरच्या दशकात तो आधार सुटला, तेव्हा चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या मातीच्या मडक्यातून काढू लागले, आणि खेळाचे नाव झाले मटका. पुढे मडकेही गेले. त्याच्या जागी पत्त्यांचा कॅट आला, त्यातून तीन पाने काढून त्यांच्या बेरजेचा एकम स्थानचा अंक जाहीर होऊ लागला. तीन, छक्की आणि अठ्ठी निघाली की बेरीज सतरा आणि आकडा सात. म्हणजे मडके नसलेल्या मटक्यात अखेर तीन पत्तीच निघाल्या. कापूस, मडके आणि पाने या तिन्हींत पोलिसांनी हरकत घ्यावी अशी एकही वस्तू नाही.

इंग्रजी बावन्न पानांच्या आधी आपल्याकडे गंजिफा होत्या. बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हुसेनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीस चिताऱ्यांच्या हातची लाखेच्या चकाकीची वाटोळी पाने अजून होतात. त्यांतल्या दशावतारी गंजिफेत दहा रंग, दर रंगात बारा पाने, अशी एकशेवीस पाने असतात आणि रंगांना नावे मत्स्य, कूर्म, वराह अशी. दिवसा डाव रामाकडून सुरू व्हावा, रात्री कृष्णाकडून, असा तिचा आचार आहे. या पानांवर तिर्रट खेळणे कठीण होते, याचे कारण गणिती नसून नैतिक आहे. हाती वामन, परशुराम आणि बुद्ध धरून थाप मारण्यास जातिवंत जुगाऱ्याचेही मन धजत नाही. गंजिफेत आणखी एक शहाणपण आहे. राजा आणि प्रधान सोडले, तर निम्म्या रंगांत दहाचे पान थोरले आणि एकाचे धाकटे, आणि उरलेल्या निम्म्या रंगांत बरोबर त्याच्या उलट. लहान आकड्याच्या पानाला निदान निम्म्या राज्यात तरी मान आहे.

तिनाविषयी आपला समाज एरवी गाफील नाही. तीन तिघाडा काम बिघाडा हे आजीने प्रत्येकाला सांगितलेले असते. ताटात तीन पोळ्या वाढीत नाहीत. कामाचे तीन तेरा वाजले म्हटल्यावर अधिक चौकशी करीत नाहीत. इतकी सावधगिरी बाळगणारा मनुष्य तीन पाने मात्र बिनदिक्कत उचलतो. हाच खेळ आता मोबाईलवर चालतो, तेथे पाने पिसण्याचाही श्रम नाही. नाव मात्र तेच राहिले आहे, कारण यापेक्षा सौम्य नाव शोधणे जाहिरातवाल्यांनाही जमलेले नसावे.

नाही म्हणावयास, या खेळाच्या पोटात एके ठिकाणी खरे बोलणारे नाव आहे. बैठक लांबली आणि नेहमीच्या डावाचा कंटाळा आला, म्हणजे वाटणारा निरनिराळे पोटभेद पुकारतो, त्यांत ‘मुफलिस’ हा एक. शब्द फारसी दफ्तरातला आहे. आपल्या कोर्टात ज्यास नादार म्हणतात तो मुफलिस. या डावात सगळा क्रम उलटा होतो: ज्याचा हात सर्वांत हलका तो जिंकतो, आणि दुर्री, तिर्री व पंजी ही भिन्न रंगांची तीन पाने सार्वभौम ठरतात. रात्रभर हीच पाने हातात घेऊन चेहरा प्रसन्न ठेवणारे गृहस्थ ‘मुफलिस’ म्हणताच सावरून बसतात, खिशातली शेवटची नोट पुढे सरकवतात, आणि पाने उचलतात तो एक्क्यांची जोडी.